एका लाइकची किंमत अर्धा गुण : आकड्यांमागे न धावता सोशल मीडियावर लिहिता येतं का?

एका लाइकची किंमत किती? ट्विटरच्या हिशोबात अर्धा गुण.

थट्टा नाही. ३१ मार्च २०२३ ला ट्विटरने आपल्या फीडमागच्या कोडचा मोठा भाग सगळ्यांना बघण्यासाठी खुला केला. तेव्हा कंपनी इलॉन मस्क यांच्या ताब्यात आलेली होती, नाव 'एक्स' व्हायचं अजून बाकी होतं. पुढच्या काही दिवसांत त्यासोबत एक यादीही लोकांसमोर आली. कोणाच्या फीडमध्ये कोणतं ट्वीट वर चढवायचं हे ठरवताना कशाला किती वजन द्यायचं, याची ती यादी. वाचणारा लाइक करेल असं यंत्राला वाटलं, तर त्या शक्यतेला ०.५ ने गुणायचं. रीट्वीट करेल असं वाटलं तर १ ने. उत्तर देईल असं वाटलं तर १३.५ ने. आणि त्या उत्तराची मूळ लिहिणारा स्वतः दखल घेईल असं वाटलं, तर थेट ७५ ने.

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात दीडशे लाइक आणि दुसऱ्यात एक 'तू-तू मैं-मैं', तरी काटा मध्यावर. ही उत्तर-प्रत्युत्तरं प्रेमळही असू शकतात, हे खरं. पण ट्विटरवर थोडे दिवस घालवलेल्या माणसाला ती बहुतेक वेळा कशावरून रंगतात हे वेगळं सांगायला नको.

हे आकडे त्या वेळचे. कंपन्या ते बदलत असतात आणि सहसा सांगत नाहीत. फेसबुकमध्ये २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीसकट सगळ्या इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. हे बाहेर आलं ते २०२१ मध्ये, कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे. रागाच्या इमोजीचं वजन त्याआधीच, २०२० मध्ये शून्यावर आणलं गेलं होतं.

अशा याद्यांमध्ये 'लिहिणाऱ्याला हे मनापासून लिहावंसं वाटलं होतं का' असा रकाना नसतो. तो असूही शकत नाही, कारण ते मोजता येत नाही. मग रोज या तराजूसमोर बसून लिहिणाऱ्या माणसाचं काय होतं?

आकडा शिकवतो, आपण शिकतो

समजा, एक प्राथमिक शिक्षिका आहे. ती फेसबुकवर अधूनमधून वर्गातल्या गोष्टी लिहिते. एका मुलाला 'ळ' कसा जमला, पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर काय होतं, पोषण आहाराच्या खिचडीत मुलं काय शोधतात. तीस-चाळीस लाइक, त्यातले निम्मे नातेवाइकांचे. एक दिवस वैतागून ती आजकालच्या पालकांवर एक फर्डी पोस्ट लिहिते. नऊशे लाइक, दोनशे शेअर.

पुढच्या आठवड्यात ती काय लिहील?

तिला कोणी सांगितलेलं नाही की बाई, आता रागावूनच लिहा. तिने तसं ठरवलेलंही नाही. पण पुढच्या वेळी खिचडीची गोष्ट सुचली की ती मनातच थोडी फिकी वाटते. दोन महिन्यांनी ती सुचायचीच बंद होते.

ही शिक्षिका काल्पनिक आहे, पण जे घडतं ते संशोधकांनी मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विल्यम ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,३३१ ट्विटर वापरकर्त्यांची १ कोटी २७ लाख ट्वीट्स तपासली. २०२१ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. संताप व्यक्त करणाऱ्या ट्वीटला ज्यांना जास्त लाइक आणि रीट्वीट मिळाले, त्यांनी पुढे संताप व्यक्त करण्याचं प्रमाण वाढलं. त्यातली आणखी एक नोंद जास्त विचार करायला लावणारी आहे. टोकाच्या राजकीय गोतावळ्यातली माणसं मुळातच जास्त संतापलेली होती, पण लाइक-रीट्वीट पाहून बदलण्याचं प्रमाण मध्यममार्गी गोतावळ्यातल्या माणसांमध्ये अधिक होतं. म्हणजे 'आपण काही त्यातले नाही' असं वाटणाऱ्यांनीच जास्त जपून राहायला हवं.

त्याच वर्षी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक लोकांच्या दहा लाखांवर पोस्ट पाहिल्या होत्या. दोन पोस्टमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हेही लोक मिळणाऱ्या लाइकनुसार नकळत जुळवून घेतात, असं त्यात दिसलं. दाणा पडेल या आशेने कळ दाबणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वागण्याशी संशोधकांनी त्याची तुलना केली. तुलना झोंबणारी आहे, पण चपखल आहे.

तत्त्वज्ञ सी. थी न्गुयेन यांनी या प्रकाराला 'व्हॅल्यू कॅप्चर' असं नाव दिलं आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, आपल्याला जे मोलाचं वाटत होतं त्याच्या जागी आकडा येऊन बसणं. आपल्याकडे हे समजायला ट्विटरची गरज नाही, दहावीचे टक्के पुरेत. मुलाला इतिहास आवडतो म्हणून तो वाचायला लागतो. मग परीक्षा येते, टक्के येतात आणि वर्षभराने इतिहासाच्या पुस्तकात त्याला फक्त 'हे येणार का?' एवढंच दिसतं. आकडा सोयीचा असतो. चटकन कळतो, चारचौघांत सांगता येतो. मोल मात्र गुंतागुंतीचं असतं, म्हणून या झटापटीत ते हरतं.

बरं, तो आकडा तरी खरा असतो का?

इथे जरा थांबायला हवं, कारण आकड्यांमागे धावणारे आणि त्यांना नावं ठेवणारे, दोघंही एक गोष्ट धरून चालतात. लाइक म्हणजे वाचक.

२०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी २ लाख २२ हजार वापरकर्त्यांच्या पोस्टची महिनाभराची माहिती तपासली. 'तुमची पोस्ट किती जणांनी पाहिली असेल?' असंही काही लोकांना विचारलं. लोकांचा अंदाज खऱ्या संख्येच्या जेमतेम २७ टक्के निघाला. साधारण चौपट माणसांपर्यंत पोस्ट पोहोचलेली होती आणि लिहिणाऱ्याला पत्ता नव्हता. मित्रयादीची लांबी, लाइक किंवा कमेंट यांवरूनही खरा प्रेक्षक किती हे नीट ओळखता येत नव्हतं.

हे कोणत्याही मराठी लग्नात तपासून बघता येईल. कधीही लाइक न करणारे एक काका पंगतीत शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, "तुझं सगळं वाचतो हं मी. ते आजीच्या जात्याचं लिहिलं होतंस ना, छान होतं." ती पोस्ट अकरा लाइकवर संपलेली असते.

आणि उलटही होतं. मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर जे सगळ्यात जास्त फिरतं त्याला बहुतेकदा बापच नसतो. कोणीतरी आपल्या आईवर, गावावर, पहिल्या पगारावर मनापासून लिहिलेलं असतं. चार ग्रुप ओलांडेपर्यंत त्याच्याखालचं नाव गळतं, 'लेखक अज्ञात' येतं आणि आठव्या ग्रुपमध्ये तेच लेखन पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर चढतं. एवढ्या लोकांपर्यंत पोहोचूनही लिहिणाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही. एखाद्या दिवशी स्वतःचाच मजकूर 'नक्की वाचा' म्हणून त्याच्याकडे परत येतो, तेवढंच.

कंपन्यांनी दिलेले आकडेही दर वेळी भरवशाचे नसतात. फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिले जातात याचा आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता. तीन सेकंदांच्या आत पुढे सरकलेले लोक त्या सरासरीत धरलेच नव्हते.

'ऑथेंटिक' हाही आता धंदा आहे

मग उपाय काय, तर खरं लिहा, मनातलं लिहा, असं सगळे सांगतात. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२३ चा शब्द म्हणून 'ऑथेंटिक' हाच निवडला होता. पण हा सल्ला ऐकताना त्याचं शेपूट नीट बघावं. बहुतेक वेळा ते असं असतं: 'खरं लिहा, म्हणजे लोक आपोआप जोडले जातील.' म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. मोकळेपणा हीसुद्धा फॉलोअर वाढवायची युक्ती. डोळ्यांत पाणी आणून काढलेला सेल्फी, 'आज पहिल्यांदाच बोलतोय' अशी सुरुवात, अपयशाची कहाणी आणि शेवटी कोर्सची लिंक.

'बीरिअल' नावाच्या फ्रेंच अ‍ॅपची गोष्ट इथे आठवते. दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी सूचना येणार, दोन मिनिटांत पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांनी असाल तसा फोटो टाकायचा. फिल्टर नाही. २०२२ मध्ये त्याची मोठी लाट आली. मग वापरणाऱ्यांनी वाट काढली. सूचना आली की फोटो टाकायचा नाही, दुपारी छान कॅफेत पोहोचल्यावर उशिराने टाकायचा. जून २०२४ मध्ये ते अ‍ॅप ५० कोटी युरोंना विकलं गेलं. खरेपणाचा बाजार चांगला भरतो.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आकड्यांकडे न पाहता लिहिलं तर बहुधा वाचक वाढणार नाहीत. काहींचे कमीही होतील. हे मान्य नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

आणि ज्यांचं पोट यावर आहे त्यांना हा उपदेश करण्यात काहीच अर्थ नाही. घरगुती मसाले विकणाऱ्या बाईंना पोस्ट किती जणांपर्यंत गेली हे बघावंच लागतं. एक्सने २०२३ मध्ये जाहिरातींच्या पैशात वाटा द्यायला सुरुवात केली. लवकरच त्यासाठी किमान ५०० फॉलोअर आणि तीन महिन्यांत ५० लाख इम्प्रेशन्स अशी अट ठेवली गेली. ज्याला ते पैसे हवेत तो ५० लाख मोजणारच, त्यात लाज कसली? गडबड तिथे होते जिथे विकायला काही नाही, तरी माणूस रोज रात्री गल्ला मोजत बसतो.

मग लिहायचं कोणासाठी?

अ‍ॅलिस मारविक आणि डॅना बॉइड या दोन संशोधकांनी २०१० च्या सुमारास ट्विटर वापरणाऱ्यांना हेच विचारलं होतं. तुम्ही लिहिता तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं? काहींनी मित्र सांगितले, काहींनी 'मी स्वतः' असं उत्तर दिलं. प्रत्यक्षात मात्र तिथे सगळेच असतात. यालाच अभ्यासक 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' म्हणतात. घरात एक बोलतो, ऑफिसात दुसरं, कट्ट्यावर तिसरं. फेसबुकवर साहेब, मावशी, शाळेतला मित्र आणि कधीही न भेटलेला माणूस एकाच खोलीत बसलेले. तिथे बोलायला उभं राहिलं की माणूस साहजिकच असं काहीतरी बोलतो जे कोणालाच खटकणार नाही, किंवा असं काहीतरी जे सगळ्यांनाच खटकेल. मधलं सगळं गळतं.

आणि मराठीत हे 'मधलं' फार मोठं आहे.

समजा, सिंधुदुर्गातला एक मुलगा रापणीबद्दल लिहितोय. किनाऱ्यावरून जाळं ओढायला किती माणसं लागतात, कोणाचा वाटा किती, आगोटीच्या दिवसांत घरात कशाची बेगमी करतात. हे लिहायचं तर मालवणीतच लिहायला हवं, कारण अर्धे शब्द प्रमाण मराठीत नाहीतच. पण 'सगळ्यांना कळलं पाहिजे' म्हणून तो ते प्रमाण भाषेत आणतो, शब्द गळतात, लेख माहितीपत्रकासारखा होतो. किंवा त्याच्या लक्षात येतं की मालवणी चालते, पण फक्त शिव्या आणि विनोद असतील तर. मग रापण बाजूला राहते आणि 'मुंबईकर गावाक येता तेव्हा' अशी रील तयार होते. अहिराणी, वऱ्हाडी, आगरी यांचंही ऑनलाइन बऱ्याचदा असंच होतं. बोली दिसते भरपूर, पण करमणुकीला ठेवल्यासारखी. त्या बोलीत कोणी दुःखाचं, हिशोबाचं, शेतीचं लिहिलेलं चटकन सापडत नाही. लिहिणारे असतीलही. त्यांना वर चढवायला तराजूत वजन नाही.

रापणीवर लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर एकच माणूस ठेवला, मुंबईला गेलेला चुलतभाऊ म्हणा, तर काय समजवायचं आणि काय सोडून द्यायचं हे आपोआप ठरतं. चुलतभावाला 'आगोट' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे असं लिहिलेलं परक्यालाही अनेकदा जास्त कळतं, कारण त्यात माणूस माणसाशी बोलत असतो.

मराठीत हे नवं नाही. १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आलं. या लघुनियतकालिकांच्या प्रती मोजक्या असत आणि त्या हातोहात जात. मोठ्या मासिकांना रुचेल असं लिहिण्यापेक्षा हे बरं, असं त्या लोकांना वाटत होतं. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये आला. त्यानंतरचे 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' हे संग्रह यायला २००३ उजाडलं. सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो २००५ साठी, त्यांच्या पश्चात.

पण यातून 'कलावंत प्रसिद्धीपासून दूर राहतो' असं गुळगुळीत चित्र काढू नये. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर होते. लोकांची नजर कशी खेचायची हे त्यांना भल्याभल्यांपेक्षा जास्त कळत होतं. ते कसब त्यांनी नोकरीत वापरलं, कवितेत नाही.

आकडे लपवले तर?

करून बघण्यासारखं आहे. मे २०२१ पासून इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर लाइकचे आकडे लपवण्याची सोय आहे. इतरांच्या पोस्टवरचे लपवता येतात, स्वतःच्या पोस्टवरचे इतरांपासून लपवता येतात. त्याआधी २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, जपान अशा देशांत आकडे झाकून चाचणी घेतली होती. निकाल संमिश्र होता. काहींना बरं वाटलं, काहींना चिडचिड झाली. म्हणून कंपनीने तो निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोडला.

त्याहून जुना प्रयोग बेन ग्रोसर या अमेरिकी कलाकाराचा. २०१२ मध्ये त्याने 'फेसबुक डीमेट्रिकेटर' नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन बनवलं. ते लावलं की फेसबुकवरचे सगळे आकडे नाहीसे व्हायचे. वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की एखादी पोस्ट लाइक करावी की नाही हे आपण आधी तिथला आकडा बघून ठरवत होतो. आकडा नसेल तर पोस्ट वाचावी लागत होती!

पण सेटिंग बदलल्याने काम अर्धंच होतं, कारण तोवर आकडा डोक्यात बसलेला असतो. त्यावर साधा उपाय एवढाच की लिहिणं आणि पोस्ट करणं यांच्यात अंतर ठेवायचं. अ‍ॅपच्या चौकटीत थेट टाइप केलं की वरच्या पोस्टचे आकडे शेजारीच दिसत असतात. मजकूर फोनच्या नोट्समध्ये किंवा वहीत आधी पूर्ण करावा, एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी वाचताना जे वाक्य फक्त टाळ्यांसाठी आलेलं असतं ते बहुतेकदा स्वतःलाच ओळखू येतं. पोस्ट केल्यावर दिवसभर नोटिफिकेशन बंद. आणि कोणी दोन ओळींची खरी प्रतिक्रिया दिली तर तिला इमोजी न चिकटवता नीट उत्तर. ७५ गुणांचं काय व्हायचं ते होवो.

वहीत किंवा नोट्समध्ये ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. भारतात एके काळी घराघरांत पोहोचलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. दोन्हीकडे मराठीत बरंच काही लिहिलं गेलं होतं, त्यातलं जे कोणी उतरवून ठेवलं तेवढंच आज हाताशी आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये आपली माहिती डाउनलोड करण्याचा पर्याय असतो. फक्त पोस्ट निवडल्या तर फाइल लहान येते आणि ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते.